गुरुजींचा डावा अंगठा

गुरुजी माणसाचं तोंड नंतर बघायचे. आधी डावा अंगठा.

बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही आमच्या वाडीतलं कुणी भेटलं की ते त्याचा डावा हात आपल्या हातात घ्यायचे, अंगठा उलटा करून उजेडात धरायचे, आणि तो स्वच्छ असला तरच मान वर करून "काय, बरंय ना?" असं विचारायचे. अंगठ्यावर जांभळी शाई दिसली तर मात्र त्या माणसाची खैर नसे. "कुठे उठवून आलास? कशावर? वाचून दाखवलं का कुणी?" असे तीन प्रश्न भर रस्त्यात. रेशन दुकानदार त्यांना लांबून येताना बघून शाईचं पॅड खोक्याखाली ढकलायचा. नवख्या माणसाला वाटे, हे ज्योतिषी असावेत. वाडीत मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने तर आपला उजवा हातही आपणहून पुढे केला होता आणि "नोकरीचा योग कधी आहे?" असं विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, "ते मला काय ठाऊक? हात खाली घ्या."

मी त्यांना गुरुजी याशिवाय दुसरं काही म्हटलं नाही, म्हणून इथेही तेच लिहिते. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. लग्न केलं नव्हतं. सकाळची शाळा आटोपून दुपारी तीन वाजता ते बंदराजवळच्या बर्फ कारखान्याच्या पडवीत यायचे आणि आमच्या वाडीतल्या मोठ्या माणसांना शिकवायचे. तीनच का, तर तेव्हा बाजार उरकलेला असतो आणि संध्याकाळच्या बोटी अजून लागायच्या असतात. बायका मासळीच्या रिकाम्या टोपल्या भिंतीला लावून बसायच्या. कारखान्याची भिंत गार, त्यामुळे फळ्याला ओल यायची आणि खडू नीट उठायचा नाही. पण ती पडवी फुकट होती. निवृत्त झाल्यावरही त्यांनी वेळ बदलली नाही, जागाही नाही.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. बाराखडी नंतर, आधी स्वतःचं नाव. कुणी म्हटलं की गुरुजी, आधी अ आ इ शिकवतात ना, तर म्हणायचे, "अ अननसाचा. अननस तुझ्या घरपट्टीवर लिहिलेला आहे का? नाही ना? मग आधी जे लिहिलेलं आहे ते शीक." प्रत्येकासाठी ते पुठ्ठ्यावर त्याचं पूर्ण नाव टपोऱ्या अक्षरात लिहून द्यायचे. तो त्याचा कित्ता. खाली कोपऱ्यात 'तपासले' आणि त्यांची सही. त्या सहीला शेवटी एक लांब शेपूट होतं, होडी किनाऱ्याला लावताना दोर फेकावा तसं.

माझी आई त्यांच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. तिचा कित्ता ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बटव्यात ठेवायची. पोस्टात किंवा बँकेत सही करायची वेळ आली की आधी कित्ता काढून बघायची, मग सही करायची. तिला तो पाठ होता, तरी बघायची. मी चार वर्षांची असताना दुपारी पालथी पडून त्याच पुठ्ठ्यावर बोट फिरवत असे. आईचं नाव, तपासले, आणि ती शेपटाची सही. आमच्या घरात दुसरं काही लिहिलेलं नव्हतंच. पुढे शाळेत बाईंनी विचारलं, "इतकं वळणदार अक्षर कुणाचं बघून काढलंस?" मला वाटायचं, अक्षर असंच असतं.

सही करणं ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. उभ्याने सही करायची नाही. आधी हात पुसायचे. कागद मोठ्याने वाचायचा, सगळा. पोस्टमनने रजिस्टर आणलं तरी त्याला ओट्यावर बसवून ते पावती वरपासून खालपर्यंत वाचायचे. पोस्टमन म्हणायचा, "गुरुजी, तुमच्या एका पत्रात माझी अर्धी आळी होते." त्यावर गुरुजी त्याला पाणी द्यायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे.

हे सगळं कशामुळे, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आमच्या वाडीतला दत्ताराम म्हणून एक खलाशी वर्गात कंटाळून म्हणाला, "गुरुजी, अंगठ्याला काय वाईट हाय? झटकन होतो." गुरुजींनी खडू खाली ठेवला. चिपळूणच्या बाजूला त्यांचं गाव. ते नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. सगळे रडत होते तेव्हा चुलत्यांनी एक कागद आणला, वडिलांचा हात चादरीखालून काढला आणि अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. नेण्याआधी त्यांची आई राखेने तो अंगठा घासत बसली होती. शाई निघाली नाही. तसाच नेला.

"सही जिवंत माणसालाच करता येते," गुरुजी म्हणाले. "अंगठा मेलेल्याचाही उठतो. एवढंच वाईट आहे त्यात."

मग त्यांनाच ते जड झालं असावं. आईकडे बघून हसत म्हणाले, "मी गेलो की माझ्या हाताकडे लक्ष ठेव हो जरा." आई म्हणाली, "ठेवीन. पन तुमच्याकडं हाय काय घ्यायला? दोन धोतरं नि एक फळा." सगळ्या बायका हसल्या, गुरुजीही हसले.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले त्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कुठला फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा हेही मला ठाऊक नव्हतं, ते गुरुजींनीच दाखवलं होतं. बोटींचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि खलाशांना वर्गाला यायला फुरसत नव्हती, म्हणून गुरुजीच पाटी घेऊन बोटीवर जायचे. उतरताना धक्क्याच्या शेवाळावर त्यांचा पाय सरकला. डाव्या हातात पाटी होती, ती त्यांनी वर धरली आणि उजवा हात टेकला. पाटी वाचली.

दत्तारामनेच त्यांना रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेलं. दाखल करायच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते. दत्तारामने स्टूल मागून घेतलं, खाली बसला, हात पुसले, नर्सकडून सगळा फॉर्म वाचून घेतला आणि सही केली. 'रुग्णाशी नाते' असं विचारलं होतं तिथे त्याने 'विद्यार्थी' असं लिहिलं. गुरुजींचं मनगट एका बाजूला लोंबत होतं, घामाने चेहरा भिजला होता, आणि ते स्ट्रेचरवरून मान वर करून ती सही बघत होते. दत्ताराम नंतर सांगायचा, "मला म्हणाले, घाई केलीस. शेवटचं अक्षर बसलं नाय."

हाडात दोन तारा घातल्या, प्लास्टर केलं. दोन रात्री दवाखान्यात काढून गुरुजी घरी आले आणि पहिलं काम म्हणून त्यांनी विम्याची पॉलिसी काढली. निवृत्तीच्या वेळी त्यांनी आजारपणाचा विमा उतरवला होता आणि एकही हप्ता चुकवला नव्हता. ती पुस्तिका इंग्रजीत होती. तिचं मराठी करून त्यांनी चार दुपार वर्गात मोठ्याने वाचली, कारण न वाचता ते कशावर सही करणार नव्हते, आणि वाचायचंच तर एकट्याने कशाला. बायकांना मजा वाटली. युद्ध किंवा परकीय आक्रमण झालं तर विमा लागू नाही, असं एक कलम निघालं. आई म्हणाली, "परका शत्रू बंदरात उतरला तर गुरुजींच्या मनगटाला कोन इचारतो? आमचं म्हावरं कोन घेनार ते इचारा." गुरुजींनी मान डोलावली आणि पुढचं कलम वाचलं.

मग त्यांनी मला बोलावलं. आपलं जाड शाईचं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझा हात बरा होईपर्यंत तू लिही. मी सांगतो तेच लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

मी रोज कॉलेज सुटल्यावर त्यांच्या खोलीवर जायची. ते सांगायचे, मी लिहायची. विमा कंपनीची कचेरी कॉलेजच्या वाटेवर होती, तेव्हा कागद पोचवणंही माझ्याकडेच आलं. तिथले एक साहेब भले गृहस्थ होते, पण सगळं वरून विचारून करायचे. पहिलं पत्र आलं ते असं, की रुग्णास दाखल करणाऱ्या व्यक्तीने नाते 'विद्यार्थी' लिहिले आहे, खुलासा करावा. गुरुजींनी खुलासा सांगितला: "नाते बरोबर आहे." मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, "यात अजून काय असतं?"

तो खुलासा कसाबसा चालला. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा मी बरोबर होते. हात बारीक झाला होता आणि मनगटापाशी एका बाजूला वळला होता. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. हाड वाकडं जुळलं होतं. म्हणाले, पुन्हा एकदा उघडून सरळ करून पट्टी घालावी लागेल, नाहीतर बोटं आखडतील आणि मूठ मिटणार नाही. "पण फार थांबू नका. दोन-तीन महिन्यांत करू. त्यानंतर करून उपयोग नाही." तोवर हाताला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितला. गुरुजींनी चेंडू आणला नाही. ते पाटी पुसायचा ओला स्पंज दाबायचे आणि खाली वाटी ठेवायचे. "बघू, आज किती पाणी निघतं." पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकला नाही.

दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च त्यांच्या पेन्शनीत झेपणारा नव्हता, तो विम्यातच बसणार होता. फक्त, पहिली फाइल मिटल्याशिवाय दुसरी उघडत नाही, असं साहेब म्हणाले. आणि पहिली मिटायला फक्त एक सही हवी होती. पैसे मिळाले, असं पैसे मिळायच्या आधी लिहून द्यायचा एक कागद असतो, व्हाउचर म्हणतात. त्यावर महसुली तिकीट, तिकिटावर सही.

गुरुजी बसले. हात पुसले. मी कागद मोठ्याने वाचला. त्यांनी पेन बोटांत धरायचा प्रयत्न केला, ते दोनदा गळलं. शेवटी सगळा हात खांद्यातून हलवत त्यांनी सही केली. मुंगी शाईत पडून वर येऊन चालत गेली, तशी दिसत होती. शेपूट निघालंच नाही.

पंधरा दिवसांनी ते व्हाउचर परत आलं. सही पॉलिसीच्या अर्जावरच्या सहीशी जुळत नाही. दुसरं दिलं, तेही परत आलं. मग गुरुजी स्वतः कचेरीत गेले, मी सोबत. साहेबांनी फाइल उघडून जुना अर्ज दाखवला. तिथे ती सही होती, शेपटासकट. गुरुजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"गुरुजी, मला कळतंय हो," साहेब म्हणाले. "पण मुंबईच्या ऑफिसात त्यांना तुमचं मनगट दिसत नाही, सही दिसते. एक सोपं आहे. डावा अंगठा उठवा, डॉक्टरांची साक्ष घ्या. दोन मिनिटांचं काम." आणि त्यांनी ड्रॉवरमधून शाईचं पॅड काढून झाकण उघडलं.

गुरुजींनी डाव्या हाताने ते झाकण परत लावलं. म्हणाले, "आमची माणसं इथे कामासाठी येतात. हे वर ठेवू नका."

"अहो, तुम्ही निरक्षर आहात असं कुठे कोण म्हणतंय?"

"मी सही केलेली आहे. वाईट आहे, पण माझी आहे. ती त्यांनी घ्यावी."

आम्ही बाहेर आलो. मी धीर करून म्हटलं, "गुरुजी, एकदाच. तुमच्या हातासाठी." रिक्षा स्टँडवर आमच्या वाडीतली एक बाई भेटली. सवयीने त्यांनी तिचा अंगठा बघितला आणि विचारलं, "काय, बरंय ना?"

आईनेही सांगून बघितलं, दत्तारामने सांगितलं, डॉक्टरांनी रागावून बघितलं. गुरुजी रोज स्पंज दाबत होते. वाटीत पाणी तेवढंच. दोन महिने गेले. साहेबांनी मला कचेरीत बोलावून तिसरं व्हाउचर दिलं. "हे शेवटचं, बाळ. सही नाहीतर अंगठा. नाहीतर मी फाइल बंद करतो, माझाही इलाज नाही."

ते व्हाउचर घेऊन मी कॉलेजच्या लायब्ररीत बसले. पेन त्यांचंच होतं. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. मला एवढंच दिसत होतं की फळ्यावर लिहिणारा तो हात आता मिटणार नाही, आणि तो मिटावा म्हणून लागतं आहे ते मला येतं. डोळे मिटून येतं. मी उजळणीसुद्धा केली नाही. तिकिटावर सही केली, शेपूट ओढलं आणि शाई वाळेपर्यंत हाताने वारा घातला.

साहेबांनी सही अर्जाशी ताडून पाहिली. "बघ, मनावर घेतलं की होतं! सांग गुरुजींना, शाबास म्हणावं."

वीस-पंचवीस दिवसांनी पोस्टमन चेक घेऊन आला. त्या दिवशी मी गेले तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. चेक शेजारी होता, त्यावर स्पंजची वाटी ठेवलेली. मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कचेरीत गेले. फाइल मागून घेतली आणि व्हाउचर बघितलं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी मला बोलावणं पाठवलं. आईलाही ये म्हणाले. आई बाजारातून तशीच आली, टोपली ओट्याखाली ठेवून दारातच बसली.

"सही फार सुरेख आहे," गुरुजी म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी अशी सही पंधरा वर्षांपूर्वी करत असे. पुढे माझा हात जरा सैल झाला. ही जुनी आहे. कित्त्यावरची."

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिचा हात आपोआप कमरेच्या बटव्याकडे गेला.

"गुरुजी, मी..." मी म्हटलं.

"सांगू नकोस." त्यांचा आवाज चढला नाही. "सांगितलंस तर मला ते लिहावं लागेल. पेन घे."

मी पेन घेतलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आपण पाठवलेला चेक सोबत परत करीत आहे. व्हाउचरवरील सही माझी नाही. ती कोणी केली याची चौकशी करू नये. चूक माझ्या घरात झाली आहे, ती माझी समजावी. लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी कागदावर पडलं. त्यांनी दुसरा कागद दिला. "पुन्हा लिही. डाग नको."

लिहून झाल्यावर ते म्हणाले, "आता खाली सही. माझी सही त्यांना चालत नाही. चालते ती माझी नाही." त्यांनी कनवटीतून सुट्टे पैसे काढून माझ्यापुढे ठेवले. "कोपऱ्यावरच्या दुकानातून शाईचं पॅड घेऊन ये."

मी हलले नाही. आई म्हणाली, "गुरुजी, असं करू नका."

"जा," ते मला म्हणाले.

मी पॅड आणलं. त्यांनी मला सगळं पत्र मोठ्याने वाचायला लावलं, आणि त्याखाली लिहायला लावलं: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला, तो बरोबर आहे. निशाणी डावा अंगठा. मग त्यांनी अंगठा शाईवर दाबला आणि एका कोऱ्या तुकड्यावर उठवून बघितला. नुसता गोळा उठला. पुन्हा दाबला, पुन्हा गोळा. त्यांना ते येत नव्हतं. सबंध आयुष्यात त्यांनी ते कधी केलं नव्हतं.

आई दारातून उठली, पदराला हात पुसत आत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. "दाबायचा नाय, गुरुजी. असा लोळवायचा. ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. हलक्या हातानं." वयाची पहिली तीस वर्षं ती हेच करत आली होती. तिने त्यांचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर हळूच लोळवला. रेषा न् रेषा उमटली.

"साक्षीदार म्हणून तू सही कर," गुरुजी तिला म्हणाले.

आईने बटव्यातून कित्ता काढला. बघितला. सही केली. मग रॉकेलचा बोळा घेऊन ती त्यांचा अंगठा पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "उठवायचाच होता, तर तेवाच उठवला आसता. हात तरी वाचला आसता."

"तेव्हा तो हातासाठी उठवायचा होता," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी पत्र ठेवून घेतलं आणि फाइल बंद केली. कुणाची चौकशी झाली नाही. मला वाटतं, त्यांनी ओळखलं होतं. पुढे कधी कचेरीवरून जाताना दिसले तर ते माझ्याकडे बघून मान खाली घालायचे, आणि मी त्यांच्या आधी.

त्यानंतर आठवडाभर गुरुजींनी वर्गात कुणाचाच अंगठा बघितला नाही. डावा हात धोतराच्या घडीत ठेवून बसायचे. आठव्या दिवशी दत्ताराम बोटीवरून आला तो सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, त्यांचा डावा हात ओढून काढला, उलटा केला. नखाच्या कडेला जांभळं अजून दिसत होतं. "काय हो गुरुजी? कुठं उठवून आलात? कशावर? वाचून दाखवलं का कुनी?"

सगळ्या पडवीत हशा झाला. गुरुजीही हसले. हसता हसता म्हणाले, "दाखवलं. हिने वाचून दाखवलं." आणि माझ्याकडे बोट केलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण त्यांनी माझ्यापुढे कोरे पुठ्ठे ठेवले. त्या वर्षी आलेल्या तीन नव्या बायकांचे कित्ते. "तू लिही. टपोरं लिही. खाली 'तपासले' लिहू नकोस, ते मी तोंडाने सांगेन."

त्यांचा उजवा हात तसाच राहिला. पेला धरता यायचा, खडू नाही. वाटीतलं पाणी एकदा अर्ध्यावर गेलं होतं, तिथून पुढे चढलं नाही. त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं. नव्या बायकांच्या ओळीत पाटी घेऊन बसायचे आणि स्वतःचं नाव गिरवायचे. मी त्यांच्यासाठी कित्ता लिहून दिला होता. शेजारची बाई म्हणायची, "गुरुजी, तुमच्यापेक्षा माजं बरं येतंय." ते तिची पाटी बघायचे आणि म्हणायचे, "येतंय खरं." दोन वर्षं गिरवूनही त्यांना ते शेपूट ओढता आलं नाही. हात शेवटाला आला की थांबायचा.

मी त्यांना 'सही मी केली' असं कधीच सांगितलं नाही. त्यांनी मनाई केली होती म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे. पण नंतर कितीतरी दुपारी आम्ही दोघंच होतो, आणि त्यांनी नुसतं ऐकून घेतलं असतं. मी बोलले नाही.

माझ्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली त्या आठवड्यात ते गेले. दुपारी, ओट्यावरच्या खुर्चीत. छातीत दुखतंय म्हणाले आणि शेजारच्यांनी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. चिपळूणकडे अलोऱ्याला त्यांचा पुतण्या होता, त्याला निरोप गेला. तो येईपर्यंत दोन-अडीच तास लागणार होते. वर्गाची वेळ झाली होती, तेव्हा पडवीत त्यांची वाट बघत बसलेली आमच्या वाडीतली माणसं तशीच उठून आली.

आई त्या दिवशी बाजारातच अडकली होती, तिथून धावत आली. कुणी तिला सांगितलं, हात तरी धुवून ये गो. ती म्हणाली, "तेंना वासाचं कवा काय नव्हतं." ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली, चादरीखालून त्यांचा हात काढला आणि अंगठा आपल्या मुठीत धरला. पुतण्या आला, पाया पडला, साधा माणूस होता बिचारा, मोठ्याने रडला. भटजी आले. माणसं आली, गेली. आईने मूठ सोडली नाही. पाणी दिलं तर उजव्या हाताने प्याली.

उचलायची वेळ झाली तेव्हा पुतण्या वाकून म्हणाला, "मावशी, आता सोडा."

आईने मूठ उघडली. त्यांचा अंगठा उलटा करून दाराच्या उजेडात धरला, आणि मगच त्यांच्या तोंडाकडे बघितलं.